ईर्षा आणि हद्द

युरोपच्या फुटबॉलमध्ये २९ मे ही तारीख दोनदा वाईट ठरली. १९७४ साली याच तारखेला हॉलंडमधल्या रॉटरडॅम शहरात अंतिम सामना होता. लंडनहून टॉटनहॅम या संघाचे पाठीराखे समुद्र ओलांडून आले होते. संघ हरू लागला तशा खुर्च्या उखडल्या गेल्या, प्रेक्षक जखमी झाले आणि इंग्रज पोरांचा दंगा पहिल्यांदाच एवढ्या ठळकपणे परदेशाच्या दारात गेला. बरोबर अकरा वर्षांनी, २९ मे १९८५ रोजी, बेल्जियमच्या ब्रुसेल्स शहरात हेझल मैदानावर लिव्हरपूल आणि इटलीचा युव्हेंटस यांचा सामना होता. सामना सुरू होण्याआधीच लिव्हरपूलकडच्या जमावाने शेजारच्या भागावर चाल केली. तिथली माणसे मागे सरत भिंतीशी दाटली, भिंत कोसळली आणि ३९ माणसे मेली. बहुतेक इटालियन होती. त्यानंतर, वाचकहो, सामना खेळवला गेला. आता थांबवला तर आणखी दंगा उसळेल, अशी अधिकाऱ्यांना भीती होती.

आपल्या व्याख्यानमालेच्या पुस्तकात हा विषय पाहून काहींना नवल वाटेल. पण पाहुणी गर्दी हद्द ओलांडून आली की यजमान गावच्या पोलिसांनी तिच्याशी कसे वागावे, हा प्रश्न आपल्याला परका नाही. बेळगाव-निपाणीकडची आपली घराणी पिढ्यान्‌पिढ्या हद्दीवर राहिली आहेत. हद्द आपल्यापर्यंत चालत आली असेही म्हणता येईल. १ नोव्हेंबर १९५६ला आपण घरात बसल्या जागी दुसऱ्या राज्यात गेलो. तेव्हापासून आपण कधी पाहुणी गर्दी असतो, तर कधी यजमान गाव.

आधी थोडा इतिहास. 'हूलिगन' हा शब्द १८९८च्या उन्हाळ्यात लंडनच्या वर्तमानपत्रांनी रूढ केला, तो रस्त्यावरच्या टोळक्यांसाठी. फुटबॉलशी त्याचा तेव्हा संबंध नव्हता. खेळातला दंगा त्याहून पुष्कळ जुना आहे. १३१४ साली लंडनच्या महापौराने शहरात फुटबॉल खेळायलाच मनाई केली होती. त्या काळी खेळणारे आणि दंगा करणारे एकच असत. पुढे मैदानाला कुंपण आले, तिकीट आले आणि दंगा खेळाडूंकडून प्रेक्षकांकडे गेला. रेल्वेच्या खास गाड्यांनी पाठीराखे दुसऱ्या गावी जाऊ लागले, तसा तो गाडीत बसून प्रवासालाही निघाला. तरीही इंग्लंडात कुठेही मारामारी झाली तरी पोलीस त्याच भाषेचे आणि कायदा ओळखीचा. स्थानिक फौजदाराला कोण कुणाचा आहे हे कळवायला एक फोन पुरे होई. समुद्र ओलांडला की हा धागा तुटायचा. (क्रिकेटवाल्यांनी या इतिहासावर फार हसू नये. १३ मार्च १९९६ला कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर भारत-श्रीलंका उपांत्य सामना प्रेक्षकांच्या बाटल्यांनी आणि जाळपोळीने थांबला आणि श्रीलंकेला बहाल केला गेला. त्याच मैदानात १६ ऑगस्ट १९८०ला मोहन बागान आणि ईस्ट बंगालच्या फुटबॉल सामन्यात १६ प्रेक्षक गेले होते.)

हेझलच्या शोकांतिकेत दोष पोरांचा होताच. पण त्या मैदानाच्या बंदोबस्ताची हकीकत मला जास्त विचार करायला लावते. मैदान दोन पोलीस दलांत वाटून दिले होते. एका टोकाला राष्ट्रीय दल, दुसऱ्या टोकाला ब्रुसेल्स शहराचे पोलीस. दोघांचे वरिष्ठ वेगळे आणि एकमेकांशी बोलण्याची सोयही धड नव्हती. शिवाय जो भाग त्रयस्थ प्रेक्षकांसाठी म्हणून ठेवला होता त्याची तिकिटे बेल्जियममध्ये राहणाऱ्या इटालियन कुटुंबांकडे गेली होती. म्हणजे कागदावर तिथे त्रयस्थ माणसे होती, प्रत्यक्षात प्रतिपक्षाची. दोन टोकांच्या मधली जागा सांभाळायची कुणी, हे नीट ठरलेले नव्हते. दोन राज्यांच्या मधल्या पट्ट्यात राहणाऱ्याला हे वाचताना बेल्जियम फार लांबचे वाटत नाही.

पुढे खटला चालला. दोन डझनांवर इंग्रज तरुणांना बेल्जियमच्या स्वाधीन करण्यात आले आणि १९८९च्या एप्रिलमध्ये त्यांतल्या १४ जणांना दोषी ठरवून तीन वर्षांची, तीही निम्मी स्थगित, शिक्षा झाली. चार वर्षे गेली होती. त्याच खटल्यात बेल्जियमच्या एका पोलीस अधिकाऱ्यालाही दोषी धरले, हे फारसे कुणाच्या लक्षात राहिले नाही. इतक्या माणसांच्या मृत्यूनंतर खटल्याची ही गती, तर साध्या खुर्चीफेकीच्या गुन्ह्याचे काय होत असेल? होई ते असे. यजमान पोलीस परक्या पोरांना रात्रभर डांबत आणि दुसऱ्या दिवशी विमानात बसवून हाकलून देत. साक्षीदार तिसऱ्याच देशाचा, तोही आपल्या घरी गेलेला. जखमी माणूस परदेशी न्यायालयाच्या तारखांना कशाला येईल? खटला नाही म्हणून शिक्षा नाही, आणि शिक्षा नाही म्हणून मायदेशी त्या पोराची पाटी कोरी. पुढच्या सामन्याला तो पुन्हा तिकीट काढायला मोकळा.

त्यात या मंडळींनी एक युक्ती काढली. संघाचे रंग अंगावर घातले की पोलीस ओळखतात, म्हणून १९८०च्या सुमारास इंग्लंडातल्या टोळ्यांनी रंग उतरवले आणि महागडे, सभ्य कपडे घालायला सुरुवात केली. गळपट्टा बांधून गाणी म्हणणारा साधा पाठीराखा पोलिसांच्या काठीखाली सापडे आणि खरा मारामारी करणारा सुटाबुटात बाजूने निघून जाई. वेषांतराने हद्द ओलांडणे आपल्याला नवे नाही. १९८६च्या आंदोलनात बंदी चुकवून छगन भुजबळ वेष बदलून बेळगावात आले होते, ते आपल्यातल्या अनेकांना आठवत असेल. त्या आंदोलनाला मी हुल्लडबाजीच्या पंक्तीला बसवत नाही. नाक्यावरच्या पोलिसाची अडचण मात्र दोन्हीकडे सारखी: समोरून येणारा माणूस कोण आहे हे त्याला कपड्यावरून ओळखायचे असते.

१९९८च्या विश्वचषकात मार्सेय शहरात इंग्रजांनी धुमाकूळ घातला. त्याच स्पर्धेत २१ जूनला लाँस गावात जर्मन टोळक्याने दानिएल निवेल नावाच्या फ्रेंच पोलिसाला इतके मारले की तो कायमचा अधू झाला. इंग्रजांचीच ही खोड, असे म्हणण्याची सोय त्या दिवशी संपली. पण कायद्याने कूस बदलली ती दोन वर्षांनी. जून २०००मध्ये बेल्जियममध्ये युरोपची स्पर्धा होती. शार्लेरॉय आणि ब्रुसेल्समध्ये इंग्रज पाठीराख्यांचे नऊशेहून अधिक जण पकडले गेले आणि इंग्लंडच्या संघालाच स्पर्धेबाहेर काढू, अशी ताकीद मिळाली. महिन्याभरात, जुलै २०००मध्ये, ब्रिटिश संसदेने नवा कायदा केला.

तो कायदा आपल्या दृष्टीने समजून घेण्यासारखा आहे. न्यायालयाने एखाद्यावर फुटबॉलबंदी घातली की त्याला ठरावीक वर्षे मैदानावर जाता येत नाही. परदेशात सामना असेल तर त्याने आपला पासपोर्ट पोलीस ठाण्यात जमा करायचा आणि घरी राहायचे. आधीची शिक्षा असलीच पाहिजे असेही नाही. तो पूर्वी दंग्यात सामील होता आणि बंदीने दंगा टळेल, असे पोलिसांनी न्यायालयाला पटवून दिले तरी चालते. हा नियम जाचक आहे, माणसाच्या हिंडण्याफिरण्याच्या हक्कावर घाला आहे, असे आव्हान दिले गेले. २००२ साली तिथल्या अपील न्यायालयाने ते फेटाळले. मला स्वतःला हा मुद्दा अजून टोचतो. गुन्हा सिद्ध न होता माणसाला वर्षानुवर्षे अडकवून ठेवणे, हे औषध कडक आहे. पण एक गोष्ट मान्य करावी लागते: ही बंदी एका नावाच्या माणसावर होती, न्यायाधीशापुढे होती आणि तिला मुदत होती. २००६च्या जर्मनीतल्या विश्वचषकावेळी तीन हजारांहून अधिक माणसे अशी घरी थांबवली गेली. उरलेले लाखो पाठीराखे जर्मनीत गाणी म्हणत हिंडले.

आता आपला कायदा पाहा. आपल्याकडे तडीपारी आहे. १९५१च्या मुंबई पोलीस कायद्यात, ज्याला आज महाराष्ट्र पोलीस कायदा म्हणतात, कलम ५५ ते ५७ त्यासाठी आहेत. पूर्वी आपला बेळगाव जिल्हाही त्याच कायद्याखाली होता. कर्नाटकाच्या १९६३च्या पोलीस कायद्यातही तशी तरतूद आहे. माणूस उपद्रवी ठरला की त्याला जिल्ह्याबाहेर, लगतच्या जिल्ह्यांबाहेर, दोन वर्षांपर्यंत हाकलायचे. इंग्रजांचा कायदा उपद्रवी माणसाला घरात ठेवतो, आपला त्याला घराबाहेर काढतो. घरात त्याला आई विचारते, गल्लीतले म्हातारे ओळखतात, ठाण्याचा हवालदार रोज बघतो. तडीपार माणूस जिथे जातो तिथे त्याला कुणीच ओळखत नाही. आणि कोल्हापूरच्या आदेशाचा अंमल महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच. पुढे काय होते ते हद्दीवरच्या गावाला वेगळे सांगायला नको. दोन जिल्हे शांत ठेवण्यासाठी तिसऱ्याकडे माणूस ढकलायचा, या पद्धतीला मी उपाय म्हणत नाही. पुरळ मलम लावून दाबले की ते दुसरीकडे उठते, असे आम्ही होमिओपॅथ म्हणतो. ॲलोपॅथीचे मित्र हसतात, पण तडीपारीपुरते तरी तेही मान्य करतील.

कोल्हापूरकडे वळतो, कारण आपल्या भागात फुटबॉलच्या गर्दीचा प्रश्न खऱ्या अर्थाने तिथेच आहे. बेळगावातही फुटबॉल जुना. छावणी होती, १८५६पासूनचे सेंट पॉल्स हायस्कूल आहे आणि टिळकवाडीच्या लेले मैदानावर आजही सामने होतात. पण बेळगावचा प्रेक्षक टाळ्या वाजवतो आणि घरी जातो. कोल्हापूरचे रसायन निराळे. तिथे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन १९४०पासून आहे आणि वरिष्ठ गटात १६ संघ खेळतात. संघांची नावे वाचली तरी इतिहास कळतो: पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. ज्या तालमींनी पैलवान घडवले त्यांनीच पुढे फुटबॉलपटू घडवले. २०१७च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच मातीतला. तालमीमागे गल्ली, गल्लीमागे पेठ. शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठ यांची ईर्षा ही काही फुटबॉलने जन्माला घातलेली नाही. फुटबॉलने तिला नव्वद मिनिटे आणि एक चेंडू दिला.

'ईर्षा' हा शब्द कोल्हापुरात शिवीसारखा वापरत नाहीत. ईर्षेने व्यायाम करतात, ईर्षेने गणपती बसवतात, ईर्षेने वर्गणी देतात. तीच ईर्षा सामन्याच्या दिवशी गॅलरीत चढते. मग बाटल्या, दगड, सामना अर्धवट थांबणे, मैदानाबाहेर पाठलाग, पोलिसांचा लाठीमार, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो. काही वेळा सगळा हंगामच अडचणीत आला. इथले पोलीस एका बाबतीत ब्रुसेल्सपेक्षा सुखी आहेत. दगड मारणारा पोरगा कुठल्या तालमीचा, ती तालीम कुठल्या गल्लीत आणि तिथे शब्द कुणाचा चालतो, हे ठाण्यात ठाऊक असते. तालमीच्या वस्तादाला, मंडळाच्या अध्यक्षाला बोलावून घेता येते. त्याने नेहमी भागते असे नाही. पण बोलायला माणूस असतो.

वस्ताद हा शब्द इथे मुद्दाम वापरला. १९१२ साली शाहू महाराजांनी बांधलेल्या खासबाग मैदानात हजारोंची गर्दी कुस्तीला बसत आली. आपल्या निपाणी-बेळगावच्या जत्रांतही परगावचे पैलवान येतात आणि त्यांच्यामागे त्यांचा गाव येतो. निकालावरून बाचाबाची होते, हलगीच्या आवाजात डोकी तापतात. पण परगावचा पैलवान एकटा कधी येत नाही. त्याच्याबरोबर वस्ताद येतो, आणि वस्तादाला इथले पंच नावाने ओळखतात. त्याचा गाव बिथरला तर पंच पोलिसाकडे जाण्याआधी वस्तादाकडे जातात. युरोपने पुढे हाच उपाय सरकारी कागदावर आणला. पाहुण्या संघाबरोबर त्याच्याच गावचे काही पोलीस पाठवायचे. त्यांनी पकडायचे नाही, मारायचे नाही. फक्त यजमान पोलिसांच्या शेजारी उभे राहून सांगायचे, हा ओरडणारा निरुपद्रवी आहे, त्या कोपऱ्यात गप्प उभा आहे त्याच्याकडे बघा. २००२ साली युरोपीय संघाने प्रत्येक देशात अशा माहितीचे एक केंद्र ठेवायचे ठरवले.

आणि २००४ साली पोर्तुगालमध्ये त्याची परीक्षा झाली. योगायोग असा की तिथेही दोन पोलीस दले होती. सामन्यांच्या मोठ्या शहरांत एक दल होते. त्याने मानसशास्त्रज्ञांशी बोलून निराळी रीत ठरवली: शिरस्त्राणे घातलेल्या तुकड्या नजरेआड ठेवायच्या, साध्या गणवेशातले पोलीस जोडीजोडीने गर्दीत फिरवायचे, त्यांनी पाहुण्यांशी बोलायचे, रस्ता दाखवायचा आणि कुणी वेडेवाकडे वागला तर तेवढ्यालाच लवकर बाजूला घ्यायचे. इंग्रज हजारोंनी आले, प्यायले, गायले. सामन्यांच्या शहरांत मोठा दंगा झाला नाही. दक्षिणेच्या किनाऱ्यावरचे आल्बुफेरा हे सुट्टीचे गाव दुसऱ्या दलाकडे होते आणि त्याने जुनीच रीत चालवली. तिथे दोन रात्री मारामाऱ्या झाल्या. देश तोच, पाहुणे तेच, स्पर्धा तीच. संशोधकांनी यावरून काढलेला निष्कर्ष मला वैद्यकाच्या अनुभवातूनही पटतो. सगळ्यांना एकच काठी लागली की शांत माणूसही 'आपण सगळे' होऊन टोळक्याच्या बाजूला उभा राहतो. दहा जणांचा दंगा मग हजारांचा होतो.

प्रवासी गर्दीने स्वतःला सांभाळल्याचे आपल्याकडचे जुने उदाहरण वारीचे. हैबतबाबा आरफळकरांनी ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीला शिस्त घातली. तिला दिंड्यांचे क्रम आहेत, प्रत्येक दिंडीला प्रमुख आहे, चोपदार आहे. त्या सोहळ्याचे अश्व दर वर्षी आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून, शितोळे सरकारांकडून, आळंदीला जातात. लाखो माणसे जिल्ह्यांमागून जिल्हे ओलांडतात. वारकरी कुणाला हरवायला निघालेला नसतो, त्यामुळे ही तुलना फार ताणू नये. पण दिंडीत हरवलेले, भांडलेले, आजारी पडलेले माणूस कुणाचे, हे शोधायला वेळ लागत नाही.

आपल्या हद्दीवर मात्र माणूस ओळखण्याची खूण वेगळीच होऊन बसली आहे. ती म्हणजे गाडीचा क्रमांक. एमएच शून्य नऊ म्हणजे कोल्हापूर, केए तेवीस म्हणजे चिक्कोडी, केए बावीस म्हणजे बेळगाव. ६ डिसेंबर २०२२ला हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यापाशी महाराष्ट्राच्या क्रमांकाच्या मालगाड्यांवर दगड पडले आणि इकडे पुण्यात कर्नाटकाच्या बसना काळे फासले गेले. त्या ट्रकचालकाचा किंवा बसचालकाचा सीमाप्रश्नाशी काय संबंध होता? पाटी हाच त्याचा टी-शर्ट झाला, आणि तो टी-शर्ट त्याला उतरवताही येईना. बेळगावात मेळावा असला की कोगनोळीला बंदोबस्त लागतो आणि महाराष्ट्रातून येणाऱ्यांना परत पाठवतात. त्यामागे राजकारण आहे, ते या लेखाचे काम नाही. मी फक्त पद्धत पाहतो. ज्याने दगड मारला त्याला घरी ठेवण्याऐवजी ज्याची पाटी परकी त्याला अडवणे, ही रीत आल्बुफेराची आहे.

कायद्याची अडचण आहे असे कुणी म्हणेल, तर ते पूर्ण खरे नाही. १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४८ने पोलिसाला विनावॉरंट अटक करण्याजोग्या आरोपीचा भारतात कुठेही पाठलाग करता येई. १ जुलै २०२४पासून आलेल्या नव्या संहितेतही ती मुभा आहे. ब्रुसेल्सला इंग्रज आरोपी मिळवायला दोन वर्षे लागली. आपल्याकडे कागलचा फौजदार जीप काढून पाऊण तासात निपाणीत येऊ शकतो. पण पाठलाग झाल्या गोष्टीचा होतो. होण्याआधी कळायचे तर दोन ठाण्यांनी एकमेकांशी बोलावे लागते. निवडणुका आल्या की दोन्ही राज्यांचे अधिकारी एकत्र बसतात, दारू आणि रोकड कुठून येईल याच्या याद्या देतात-घेतात. फुटबॉलच्या अंतिम सामन्यासाठी असे कुणी बसल्याचे माझ्या ऐकिवात नाही. गरजही फार वाटत नसावी, कारण पाहुण्यांचा आकडा लहान आहे.

आकडा लहान असला तरी माणसे खरी आहेत. सामन्याच्या दिवशी निपाणीतून दुचाक्या निघतात, कागलमार्गे तासाभरात कोल्हापूर. दुसऱ्या दिवशी त्यांतला एखादा माझ्यासारख्याच्या दवाखान्यात येतो. घोटा सुजलेला, पाठीवर काठीचा वळ. घरी गाडीवरून घसरलो असे सांगितलेले. आम्ही औषधाआधी फार प्रश्न विचारतो, म्हणून खरे बाहेर येते. कुणी पळताना पडला, कुणी मागे उभा होता म्हणून मार खाल्ला. आणि कुणी, दोन-तीनदा विचारल्यावर, दगड मारल्याचेही कबूल करतो. तिघांचे वळ सारखेच असतात.

कोल्हापूरच्या पोरांसाठी तालीम आहे, वस्ताद आहे. निपाणीचा हा पोरगा मात्र त्या तालमीच्या वहीत नाही. तो तिचा रंग घालतो एवढेच. निपाणीच्या ठाण्याला तो सामन्याला गेला हे माहीत नसते आणि कोल्हापूरच्या ठाण्याला तो कोण हे माहीत नसते. दोन्ही गोष्टी ठाऊक असलेला माणूस एकच, त्याला मागे बसवून नेणारा मित्र. तो बहुधा एकोणीस-वीस वर्षांचा असतो.